ताटाची डावी बाजू

आमच्या घरी ताट वाढायची शिस्त टिकली ती सासऱ्यांमुळे. माझ्यावर सोडलं असतं तर न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोच्या त्या घरात आम्ही बाउलमध्ये वरणभात घेऊन सोफ्यावर बसलो असतो. पण सासरे आले आणि त्यांच्याबरोबर ताट आलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मधे भात. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेला माणूस. लिंबाची फोड उजवीकडे गेली तरी ते सुनावणी लावायचे. मी चिडायचे, पण चटणी मात्र मनापासून करायचे, कारण चटणीवर त्यांचा खरोखर जीव होता. लसणाची असो नाहीतर जवसाची, पहिला घास चटणीचाच असायचा.

त्या हिवाळ्यात त्यांनी चटणीला हात लावणं बंद केलं. ताट उचलताना बघावं तर उजवी बाजू लख्ख, भातसुद्धा उजवीकडून खाल्लेला, आणि डावीकडे सगळं वाढलं होतं तसंच्या तसं. मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? सासऱ्यांनी डावी बाजू शिवायचीच नाही असं ठरवलं तर त्याचा अर्थ कुठल्याही सुनेला सांगावा लागत नाही. वर एकदा मलाच म्हणाले, "हल्ली चटण्या करणं सोडलंस का गं?" चटणी समोर होती. हा टोमणा आहे असं मी धरलं आणि तीन दिवस मुद्दाम चटणी केली नाही. चौथ्या दिवशी केली, तीही तशीच राहिली.

आज हे लिहिताना मला माहीत आहे की त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागातली एक रक्तवाहिनी गुपचूप बंद पडली होती, आणि त्यांच्या लेखी जगाला डावी बाजूच उरली नव्हती. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की म्हातारा रुसलाय. आणि हाच माणूस रोज सकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला गाडीतून शाळेत सोडत होता आणि दुपारी आणत होता.

दुसरी सोयच नव्हती. ख्राइस्टचर्चच्या भूकंपाला दोनेक वर्षं झाली होती. नवरा सिव्हिल इंजिनियर. तिकडे सगळं शहर पुन्हा उभं करायचं चाललं होतं, म्हणून तो तिथल्याच हॉर्नबी उपनगरात खोली घेऊन राहायचा आणि शुक्रवारी विमानाने घरी यायचा. मी सॉफ्टवेअर टेस्टर. सकाळची ट्रेन पकडून सिटीत जायचे, ती मुलगी उठायच्या आधी. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी इथलं लायसन्स काढलं. "उजव्या हाताचं स्टिअरिंग आणि डाव्या बाजूने गाड्या," ते म्हणाले, "म्हणजे आपलंच राज्य." ते नसते तर माझी नोकरी गेली असती. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं, म्हणून आम्ही भांडायचो ते चटणीवर.

आमच्यातली दुसरी भांडणाची जागा म्हणजे त्यांचं पुस्तक. अमेरिका हा देश नवा नवा होता त्या काळातल्या एका सरन्यायाधीशाचं चरित्र ते मराठीत लिहीत होते. लिहीत होते म्हणजे सांगत होते. उभ्या हयातीत त्यांनी शेरे-सह्यांपलीकडे हाताने काही लिहिलं नव्हतं. कोर्टात स्टेनोला डिक्टेशन द्यायची सवय. आता स्टेनो मी. शनिवारी सकाळी ते खुर्चीत ताठ बसायचे आणि डोळे मिटून विरामचिन्हांसकट बोलायचे. "ते पंधरा भावंडांत थोरले होते स्वल्पविराम सीमेवरच्या रानात लाकडी घरात जन्मले पूर्णविराम. नवा परिच्छेद." नाव घ्यायचं नाहीत, 'साहेब' म्हणायचे. बोलण्यात साहेब आले की मुलगी मला डोळा मारायची.

साहेब मला आधी आवडले. स्वातंत्र्याच्या लढाईत सैनिक होते, कायद्याचं शिक्षण म्हणावं तर काही महिन्यांची व्याख्यानं. पुढे तीसहून अधिक वर्षं देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसले, पण कपडे असे गबाळे की बाजारात एका तरुणाने त्यांना हमाल समजून विकत घेतलेला टर्की पक्षी घरी पोचवायला सांगितला म्हणे, आणि यांनी निमूटपणे पोचवला. बायको आजारी, तिला आवाज सोसायचा नाही, म्हणून घरात बूट काढून चालायचे. राजधानीत सगळे न्यायाधीश एकाच खानावळीत राहायचे, एकत्र जेवायचे, आणि पाऊस पडत असेल तरच वाइन घ्यायची असं ठरलेलं. बाहेर ऊन असलं की साहेब म्हणायचे, आपला देश एवढा मोठा आहे की कुठेतरी पडतच असणार. हे सांगताना सासरे हसायचे तेव्हा त्यांच्या सगळ्या कोर्टाच्या आठ्या जायच्या. इथल्या लायब्ररीत त्यांना कळलं की न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, जमिनींच्या जुन्या खटल्यातही साहेबांच्या निकालांचा आधार घेतला गेला होता. त्या दिवशी ते लायब्ररीतून परतले ते फुशारकी मारतच, जणू साहेब त्यांच्या आत्याचे दीर.

पण टाईप करता करता मला साहेबांचे गुलामही सापडले. एकदोन नाही, शेकड्यांनी. मी हात थांबवला.

"राज्यघटनेतला शब्दन् शब्द बघणारा माणूस," मी म्हटलं, "त्याला पाणी आणून देणारा दिसत नव्हता?"

"काळ तसा होता."

"बाबा, त्या काळात गुलामांनाही डोळे होते."

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून त्यावर एक अख्खं पान सांगितलं, कुठेही सारवासारव न करता, आणि गुलामांनी स्वातंत्र्यासाठी केलेले दावे साहेबांनी बहुतेक फेटाळले हेही घातलं. सासऱ्यांचा हा गुण मी कधी नाकारला नाही. पुरावा समोर आला की ते मागे हटायचे. खळखळ करून, पण हटायचे.

त्यांचं घोडं अडलं होतं ते साहेबांच्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यापाशी. त्याची गोष्ट थोडक्यात अशी. सरन्यायाधीश होण्याआधी आणि नंतरही काही आठवडे साहेब मंत्री होते. सरकार बदलायच्या घाईगर्दीत काही नेमणुकांची पत्रं सही-शिक्क्यासह तयार झाली, पण ज्याची त्याला पोचवायची राहून गेली. पोचवण्याची जबाबदारी साहेबांच्याच खात्याची. ज्याला पत्र मिळालं नाही असा एक माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तिथे न्यायासनावर कोण? साहेबच. त्यांनी सांगितलं की तुझा हक्क खरा आहे, पण तो तुला मिळवून देण्याचा अधिकार ज्या कायद्याने आम्हाला दिलाय, तो कायदाच घटनेत बसत नाही. माणूस रिकाम्या हाताने गेला आणि कोर्टाला मात्र कायदेच रद्द करण्याचा अधिकार मिळाला. जगभरातली कोर्टं आजही त्यावर उभी आहेत, आपलंही.

"निकाल थोर आहे," सासरे म्हणायचे. "पण तो त्यांनी द्यायला नको होता. चूक ज्याच्या हातून झाली त्यानेच निवाडा करायचा?" त्यांनी स्वतः एकदा, वकील आपला वर्गमित्र आहे एवढ्यावरून, खटला दुसऱ्या कोर्टात पाठवला होता. पुस्तकातल्या त्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य त्यांनी कितीतरी वेळा बदललं आणि अखेर ठरवलं: साहेबांनी या खटल्यात न्यायासनावर बसणे अनुचित होते.

एव्हाना जून, म्हणजे इथला हिवाळा, उजाडला होता. सासऱ्यांना एक दिवस चक्कर आली, डोकं दुखलं. सर्दी आहे म्हणाले, सुंठ घेतली, झोपले. दुसऱ्या दिवशी उठून गाडी काढली.

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी बिनसायला लागल्या. गाडीचा डावा आरसा तुटून लोंबत होता. "सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकला असेल," सासरे म्हणाले आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. डाव्या गालावर दाढीचे खुंट राहायचे. मी मनात म्हटलं, आरशासमोर उभं राहायचाही कंटाळा येतोय यांना. एका पायात जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, घालून मागच्या अंगणात गेले आणि दुसरी, दारातच पडलेली, शोधत बसले. मुलगी खिदळली. मीही हसले, पण ते हसले नाहीत. ते चिडून म्हणाले की या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

मग कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी शेजारचे गृहस्थ दारात आले. वयस्क, शांत माओरी माणूस. मी त्या दिवशी घरून काम करत होते.

"किया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला. "सॉरी टु बॉदर यू. युअर फादर-इन-लॉ, इज ही ऑलराइट?"

मी बाहेर येऊन बघितलं. फुटपाथच्या कडेला ठेवलेला त्यांचा चाकांचा कचऱ्याचा डबा आडवा पडला होता, एका बाजूने चेपलेला. सासरे मुलीला शाळेत सोडायला निघताना त्याला उडवून गेले होते आणि थांबले नव्हते. ब्रेकसुद्धा लावला नाही, शेजारी म्हणाले. मी माफी मागितली, डबा उभा केला. तो माझ्या छातीपर्यंत आला. मुलगीही तेवढीच होती. तरी मी कामाला बसले. साडेनऊची मीटिंग होती.

सासरे परत आल्यावर मी डब्याचं विचारलं. "कुठला डबा?" ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्यांची त्यांना आयुष्यभर सवय होती, स्वतःला जमायचं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचीच मला भीती वाटली.

त्यांचं लक्ष डब्याकडे नव्हतंच. ते माझ्यावरच बिथरलेले होते. आदल्या आठवड्यात मी छापून दिलेलं प्रकरण त्यांनी तपासलं होतं आणि लाल पेनाने पान रंगवलं होतं. जागोजागी एकच शेरा: 'शब्द गळला.' मी घरून काम करतेय हे बघून ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"तुझं लक्ष कुठे असतं? अर्धी वाक्यं टाईप करतेस."

मी कागद बघितले. एकही शब्द गळलेला नव्हता. सगळे शेरे पानाच्या उजव्या अर्ध्यात होते; डावीकडे लाल ठिपकासुद्धा नाही.

"आणि ते सोड," ते म्हणाले. आवाज कोर्टातला झाला होता. "माझा निष्कर्ष बदलायचा अधिकार तुला कुणी दिला? मी सांगितलं अनुचित. तू काय टाईप केलंस? उचित!"

"मी अनुचितच टाईप केलंय."

"वाच."

"साहेबांनी या खटल्यात न्यायासनावर बसणे अनुचित होते."

"उचित होते!" त्यांनी बोट ठेवलं. बोट 'नु'च्या उकाराशेजारी होतं, बरोबर 'चि'वर. "हे बघ. उचित. मला वाचता येतं अजून."

मला इतका राग आला की मी त्यांचा हात धरून बोट डावीकडे सरकवलं आणि 'अ'वर ठेवून ठकठक आपटलं. त्यांनी मान वळवली. सावकाश, लांबून कुणी हाक मारल्यावर वळवावी तशी. मग कागदाकडे बघत राहिले.

"हे आत्ता लिहिलंस तू," ते हळूच म्हणाले.

छापलेला कागद होता. माझा राग कुठल्याकुठे गेला. मी त्यांच्याकडून आणखी एक ओळ वाचून घेतली. 'अन्याय' होतं, ते 'न्याय' म्हणाले. 'गैरहजर' होतं, ते 'हजर' म्हणाले. न अडखळता, स्वच्छ आवाजात. जिथे 'नाही' होतं तिथला नकारच त्यांच्यासाठी उरला नव्हता, आणि आपलं काही राहून गेलंय याची त्यांना जाणीवही नव्हती. मला डबा आठवला, आरसा आठवला, चटणी आठवली, सगळं एकदमच. या देशात गाडी डाव्या बाजूने चालते. फुटपाथ डावीकडे असतो. शाळेतून सुटलेली पोरं डावीकडे उभी असतात.

हुकावरची गाडीची किल्ली मी खिशात टाकली आणि मागच्या अंगणात जाऊन मराठी मंडळातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलात होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"स्ट्रोक असणार," त्या म्हणाल्या. "किती आठवडे झाले म्हणता? ते जाऊ द्या, आत्ताच घेऊन या. आणि त्यांना गाडीला हात लावू देऊ नका."

"ते येणार नाहीत. मला काय झालंय, म्हणतील."

"म्हणतीलच. त्यांना खरंच काही कमी आहे असं वाटत नाही. वाद नका घालू. जेवायला वाढा आणि ताट फिरवून दाखवा."

मी ताट वाढलं. डावीकडे मीठ, लिंबू, लसणाची चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. सासरे धुसफुसतच बसले. एक घास झाल्यावर मी विचारलं, "बाबा, ताटात काय काय आहे?"

"हा काय प्रश्न आहे?"

"सांगा ना. साक्ष समजा."

"भाजी. आमटी. भात."

"चटणी?"

"चटणी तू करत नाहीस हल्ली."

"नक्की नाही?"

"समोर बघतोय मी."

मी ताटाची कड धरली आणि ते अर्धं फिरवलं. चटणी त्यांच्या उजव्या हाताशी आली. ते बघत राहिले. चटणीकडे, मग माझ्याकडे, मग परत चटणीकडे. मला वाटलं, आता त्यांना कळलं. पण त्यांच्या कपाळावर आठी आली आणि त्यांनी विचारलं, "भाजी कुठे गेली?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. परत ताट फिरवलं. भाजी आली, चटणी गेली. आणखी एकदा फिरवलं. मग त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः कड धरली. ते अगदी हळू ताट फिरवत होते, बोटभर इकडे, बोटभर तिकडे, आणि चटणीवर नजर खिळवून होते. मी आयुष्यात कुणाला इतक्या लक्षपूर्वक काही बघताना पाहिलं नाही.

"इथपर्यंत आहे," ते म्हणाले. "इथून पुढे नाही." मग जरा थांबून, "नाही म्हणजे अंधार नाही गं. काहीच नाही. तिथे काही असायला हवं असंही वाटत नाही."

"डॉक्टर म्हणाल्या, लगेच या. मेंदूचा फोटो काढतील."

"हं." त्यांनी हात ताटातच धुतले, जे ते कधी करत नसत. "किल्ली कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडेच राहू दे. माझं मी ठरवायचं नाही आता." त्यांनी खुर्ची मागे सारली, पण उठले नाहीत. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. त्यांनी मान वळवली ती उजवीकडे, गाडी गेली होती दुसऱ्या बाजूने. टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं घट्ट आवळलेली होती आणि मला पहिल्यांदाच ते घाबरलेले दिसले. मीही घाबरले होते, आणि झालं नाही ते कसं झालं नाही हे मला आजही सांगता येत नाही.

"पोरगी," ते म्हणाले. "गाडीत ती कुठे बसते?"

"पुढे. तुमच्या शेजारी."

"डावीकडे?"

"हो."

"आजही?"

"रोज, बाबा."

ते ताटाकडे बघत राहिले.

"मला वाटत होतं, मोठी झाली म्हणून हल्ली मागे बसते," ते म्हणाले.